मंगळवारी काय करतात?

गनीभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी व्यासपीठावर बसलो होतो. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन मेळावा होता, आणि निवृत्त प्राध्यापक या नात्यानं अशा ठिकाणी मला तिसऱ्या किंवा चौथ्या खुर्चीवर बसवतात. दीपप्रज्वलनात नेहमीप्रमाणे दोन-तीन काड्या वाया गेल्या होत्या. पाहुण्यांना शाल, नारळ आणि स्वतःचाच परिचय दहा मिनिटं ऐकण्याची संधी देऊन झाली होती. प्रमुख पाहुणे मुलांना मोठी स्वप्नं बघायला सांगत होते, तेव्हा टेबलावरच्या कापडाआड मी फोन पाहिला. गनीभाईंच्या मुलाचा, सलीमचा, पाच शब्दांचा निरोप होता : ‘अब्बा गये. जोहर बाद जनाजा.’ म्हणजे दुपारच्या नमाजानंतर. मी घड्याळ पाहिलं. माझं भाषण व्हायचं होतं, आणि ते झालं नाही तर कोणाचंही काही बिघडणार नव्हतं हे मला तिथेच नीट कळलं.

उठणार एवढ्यात प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. खापरहून आली होती, नाव रविता. घरची बोली बाजूला ठेवून, शाळेतली मराठी एकेक शब्द जपत तिनं विचारलं, “सर, बी.एस्सी.ला गेलं की रोज काय करतात?” सभागृहात थोडं हसू झालं. प्रमुख पाहुणे माईक जवळ ओढून म्हणाले, “कष्ट करतात.” टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. पाणी मागितल्यावर पुष्पगुच्छ मिळालेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा नंदुरबारातला माझ्या माहितीचा एकच माणूस होता, आणि त्याला त्या वेळी अखेरचं न्हाऊ घालत असतील... मी संयोजकांच्या कानात सांगून निघालो. कार्यक्रम आधीच उशिरा चालला होता, त्यामुळे त्यांनी फार आग्रह केला नाही.

गनीभाई बाइंडर होते. शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धवट. स्टेशनकडून येणारा रस्ता मिरचीच्या गाड्यांमुळे जिथे तुंबतो, तिथल्या गल्लीत त्यांचं दुकान. हंगामात त्या गल्लीत शिरणारा प्रत्येक जण आधी शिंकतो आणि मग बोलतो. आत मैद्याच्या खळीचा आणि तिला कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाचा वास, पानं दाबून धरणारा लाकडी शिकंजा, दाभणं, पुठ्ठे. तीस वर्षांपूर्वी पाठीचा कणा मोडलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन मी तिथे गेलो. ते त्यांनी हातात घेतलं, उघडलं, आणि निम्म्यापुढची पानं एकमेकांना तशीच चिकटलेली आहेत, कापलेलीच नाहीत, हे बोटानं दाखवून माझ्याकडे पाहिलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

कॉलेजांची प्रयोगवह्यांची बांधणी त्यांच्याकडे असे. प्रात्यक्षिक परीक्षा झाली, परीक्षकाची सही-शिक्का झाला, की त्या वह्या कोणालाही नको असतात. त्या रद्दीत निघत आणि रद्दीतून गनीभाईंकडे येत, कारण पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून जुना जाड कागद चांगला. पण अस्तर लावण्याआधी ते पानं वाचत. आकृत्या बघत. इंग्रजी शब्द अडला तर पुठ्ठ्याच्या कापात उरलेल्या कागदाच्या पट्टीवर तो पेन्सिलीनं उतरवून घेत आणि पट्टी दाराशेजारच्या उभ्या तारेत टोचून ठेवत. दुकानात कोणी प्राध्यापक आला की त्याच्या विषयाच्या पट्ट्या काढून त्याला विचारत. उत्तर मिळालं की पट्टी फाडून टाकत. अशी कित्येक वर्षं. एकदा मला म्हणाले, “सगळ्या वह्यांत उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. निष्कर्ष पोरांना आधीच माहीत असतो सर, मग कृती खरी कोण करतं?” या प्रश्नावर आमच्या विज्ञान शाखेत एक परिसंवाद घेता आला असता, पण त्याला कोणी अनुदान दिलं नसतं.

मुलं त्यांच्याकडे कशी यायला लागली ते त्यांनाही नक्की आठवत नव्हतं. मोठ्या भावाची वही न्यायला आलेली धाकटी बहीण वही चाळत उभी राहते, विचारते की चाचा, हे काय असतं, आणि चाचा सांगतात. रसायनशास्त्राची वही उघडून सांगायचे की पहिलं वर्ष बहुतेक थेंब सोडण्यात जातं. नळीनं ओढायचं, थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की त्या थेंबाला थांबायचं, एक जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. मग विचारायचे, तुला थांबता येतं का? वनस्पतीशास्त्रात ब्लेडनं देठाची इतकी पातळ चकती कापायची की खालचं अक्षर दिसावं, आणि मग ती तासभर पेन्सिलीनं काढायची. भूगोलात ट्रेसिंग कागदावर डोंगर उतरवायचे. ‘स्कोप’ हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. कोणी विचारलाच तर म्हणत, ते सांगणारे पुष्कळ आहेत, मी फक्त सोमवार-मंगळवार सांगतो.

पुढे त्यांनी एक पद्धत काढली. निरनिराळ्या विषयांच्या चांगल्या वह्यांतून पानं निवडून त्यांनी फाइली शिवल्या. सगळ्यांना एकच खाकी कागद, आकार एकच, वर फक्त नंबर. विषयाचं नाव कुठेही नाही; पानांच्या डोक्यावरचं नाव, कॉलेज, विद्यार्थी, सगळं कापून टाकलेलं. रविवारी दुपारी येणाऱ्या मुलाला ते बाकावर बसवत, तीन-चार फाइली देत आणि अहिराणीत सांगत, “वाच. कटाळा उना तं ठी दे.” कंटाळा आला तर ठेवून दे, एवढीच सूचना. स्वतः शिवणकाम करत बसत, आणि मूल कोणत्या फाइलीचं पान न सांगता, आपण होऊन उलटतंय ते खालच्या मानेनं बघत. नावं का काढली, असं मी विचारलं तर म्हणाले, नाव दिसलं की पोरं नाव वाचतात, पान वाचत नाहीत. आणि पोरांचे बाप तर नावसुद्धा वाचत नाहीत, शेजारच्याचा पोरगा काय करतो ते वाचतात. या पद्धतीत गमती होत. एका डॉक्टरांचा मुलगा दोन रविवार गृहविज्ञानाची आहाराची फाइल सोडेना. डॉक्टरांना ती गंमत वाटली नाही.

माझ्या विषयाची फाइल मात्र फाइलींच्या त्या फळीवर नव्हती. मी राज्यशास्त्र शिकवत असे. गनीभाईंनी एकदा अडचण सांगितली की तुमच्याकडे प्रयोगवही नाही, मग पोरांना दाखवू काय? तुमची पोरं मंगळवारी काय करतात? मी त्यांना राज्यसंस्था, संविधान, नागरिकत्व यांवर अर्धा तास सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, दाभणात दोरा ओवला आणि म्हणाले, “हे ठीक आहे. पण मंगळवारी?” पुढच्या आठवड्यात मी हौसेनं दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या आणून दिल्या, दोघांत दहा-बारा वर्षांचं अंतर. त्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. वाक्यं तीच होती. उदाहरणं तीच होती. एका विशिष्ट परिच्छेदापाशी दोन्ही समासांत, दोन वेगळ्या हस्ताक्षरांत, लिहिलेलं होतं : ‘इथे सर हसले.’ गनीभाईंनी वह्या मला परत दिल्या. “सर, आपण ठरलेल्या जागी हसता,” एवढंच म्हणाले, आणि एका पट्टीवर काहीतरी लिहून ती तारेत टोचली. मी तेव्हाही हसलो. त्या वेळी जागा ठरलेली नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ हिलाल आमच्या गावी, कळसाडीला, शेती करतो, ऊस, कापूस. त्याची मुलगी हर्षदा बारावीसाठी नंदुरबारला माझ्याकडे राहत होती. हिलालच्या डोक्यात तिच्यासाठी फार्मसी होती, कारण आमच्याकडच्या रस्त्यावर दर दोन घरांआड एक मूल फार्मसीला आहे. हर्षदाच्या डोक्यात काहीच नव्हतं, आणि ते ती प्रामाणिकपणे सांगत होती. मी तिला गनीभाईंकडे नेलं. पहिल्या रविवारी तिनं चार फाइली चाळून ठेवल्या. दुसऱ्या रविवारी सात नंबरची घेतली आणि दुपार संपेपर्यंत खाली ठेवली नाही. एका ठिकाणी ती मागे जाऊन पुन्हा तीच पानं बघत होती. गनीभाईंनी मला भुवईनं खुणावलं. सात नंबर म्हणजे वनस्पतीशास्त्र. मी हिलालला फोन केला, त्यानं थोडी कुरकुर केली, मग फार्मसीचं काय ते पुढे बघू म्हणाला, आणि हर्षदानं आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं. माझ्या घरातून चालत दहा मिनिटं. सगळ्यांचं समाधान झालं. अशा वेळी जरा सावध राहायला हवं असतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती मला घेऊन दुकानात गेली. तिला सहज विचारायचं होतं. “विहिरना पानं कवय येतीन, चाचा?” विहिरीची पानं कधी येतील? कोणती विहीर, असं गनीभाईंनी विचारलं. तिनं फळीवरून सात नंबर काढून मधोमध उघडला. देठाच्या चकत्या, कांद्याच्या मुळाच्या पेशी, आणि त्यांच्यानंतर आठ पानं : जमिनीचा उभा छेद. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक, त्याखाली अखंड काळा पाषाण, आणि सगळ्यातून आडवी जाणारी निळी तुटक रेघ, उन्हाळ्यात पाणी कुठे असतं आणि पावसाळ्यानंतर कुठे ते दाखवणारी. शेजारी निरनिराळ्या विहिरींची मापं. त्याच पानांसाठी तिनं दुपारभर फाइल धरून ठेवली होती. झाडाची मुळं मातीत, मातीखाली पाणी, तेव्हा हा अभ्यास वनस्पतीशास्त्रातलाच असणार असं तिनं गृहीत धरलं होतं. खरं सांगायचं तर मीही धरलं असतं. अर्धं वर्ष ती वर्गात बसून ती पानं यायची वाट बघत होती.

गनीभाईंनी फाइल हातात घेतली. पानं बोटांनी चाचपली, शिवण बघितली. बाहेरगावच्या एका कॉलेजात शिकून आलेल्या कोणीतरी आपली भूगर्भशास्त्राची वही रद्दीत दिली होती. कागद तोच, आकार तोच, आणि नावं तर त्यांनी स्वतःच्या हातानं कापलेली. शिवायला घेताना आठ पानांची ती घडी, जिला बाइंडर लोक जुज म्हणतात, दुसऱ्या ढिगात गेली होती. त्यांनी हर्षदाला काही सांगितलं नाही. विचारून सांगतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात जाऊन वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून आले, आणि तिथून थेट माझ्या घरी. बांधलेलं पुस्तक हातात असल्याशिवाय ते कोणाच्या घरी जात नसत. त्या दिवशी हातात सात नंबर होता. उंबऱ्यातच म्हणाले, “सर, एक जुज गलत सिल गया मुझसे.”

मी त्यांची समजूत काढायला लागलो. वनस्पतीशास्त्र काही वाईट नाही, मुलगी पास होईल, विहिरींचं काय एवढं... पन्नाशीनंतर अशी वाक्यं माणसाच्या तोंडातून आपोआप निघतात. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले की भूगर्भशास्त्र इथल्या कॉलेजात नाही, जिल्ह्यातच कुठे नसेल. म्हणजे पोरीला बाहेर वसतिगृहात राहावं लागणार. तिचा बाप ते मान्य करणार नाही. आणि त्याला खरं कारण कळलं नाही तर तो म्हणेल पोरीचं मन थाऱ्यावर नाही, आणि तिला घरी बसवेल. तेव्हा खरं कारण त्याला कळलं पाहिजे. ते सांगायला मी जाणार. तुम्ही येणार का, एवढंच विचारायला आलोय.

आम्ही एसटीनं गेलो, हर्षदाही बरोबर होती. प्रकाशाच्या पुलावर तापीचं रुंद पाणी दिसलं तेव्हा गनीभाई खिडकीतून बघत होते, मांडीवर फाइल. हर्षदाला आता सगळं सांगून झालं होतं. ती त्यांच्यावर चिडली नव्हती. तिला उलट हायसं वाटलं होतं की ती पानं कुठेतरी खरोखर शिकवली जातात. भीती तिला वेगळीच होती. एक वर्ष गेलं म्हणून बाप दुसरं देणार नाही.

हिलाल खळ्यात होता. गंमत म्हणजे नव्या बोअरची जागा बघायला आदल्याच आठवड्यात त्यानं तळहातावर नारळ उभा करणारा माणूस बोलावला होता, आणि नारळ जिथे उभा राहिला तिथे लावलेली काठी अजून शेतात होती. चहा झाला. गनीभाईंनी इकडचं तिकडचं काही बोलायच्या आत सांगितलं, “भाऊ, चूक मन्ही शे. पोरनी नही.” आणि कशी झाली ते शिवणीसकट सांगितलं. हिलाल आवाज चढवणारा माणूस नाही, पण त्याची शांतता जास्त बोचते. कप खाली ठेवून म्हणाला, “चाचा, तुम्ही पुस्तकं शिवतस का पोरेसनं नशीब?” गनीभाईंनी मान खाली घातली. माझ्याकडे वळून हिलाल म्हणाला की नाना, तू एवढा शिकलेला, तुला एक विषय ओळखता आला नाही? मग त्यानं मुलीला विचारलं की हे भूगर्भ शिकून पुढे होणार काय. ती म्हणाली, माहीत नाही. हे तिनं माझ्याकडून शिकलेलं नव्हतं.

मला वाटलं आता गनीभाई त्या विषयाची थोरवी सांगतील. मी असतो तर सांगितली असती. त्यांनी फाइल उघडून हिलालच्या पुढ्यात खाटेवर ठेवली. हिलालनं आधी बघितलं नाही. मग बघितलं. जमिनीचा छेद, निळी रेघ. ही आमची वरची विहीर आहे का, असं त्यानं विचारलं. नाही, दुसरीकडची आहे, हर्षदा म्हणाली. तो वाकला, काळ्या मातीखालच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, “आठे मुरूम इतला नही ऱ्हास.” आपल्याकडे मुरूम इतका जाड नसतो. हर्षदा म्हणाली की पुढच्या पानावर पातळ मुरमाची विहीर आहे. आणि हिलालनं, कोणी न सांगता, पान उलटलं.

गनीभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी काही ठरलं नाही. “देखसूत,” म्हणजे बघू, एवढंच हिलाल म्हणाला आणि परतताना आम्हाला काकडी-मुळ्यांची पिशवी दिली. हर्षदानं ते वर्ष अर्ध्यात सोडलं नाही, वनस्पतीशास्त्राची परीक्षा दिली, बऱ्या मार्कांनी पास झाली, आणि जूनमध्ये हिलाल स्वतः तिला बाहेरगावच्या कॉलेजात सोडून आला. वर्ष गेलं ते गेलंच. त्यावर गोड काही लिहिण्यात अर्थ नाही. तिच्याबरोबरच्या मुली तिच्या एक पाऊल पुढे आहेत आणि ते तिला लागतं, असं ती स्वतः म्हणते. हिलाल अजूनही नारळवाल्याला बोलावतो. फक्त आता काठी लावली की तिचा फोटो काढून लेकीला पाठवतो, आणि ती हो म्हणेपर्यंत बोअरची गाडी बोलावत नाही.

पण कळसाडीहून परतल्यावर गनीभाईंनी फाइली फळीवरून काढून गोणपाटात बांधल्या. मुलं येत, दाराशी उभी राहत, आणि ते सांगत की मी बाइंडर आहे, पुस्तकं शिवतो, कॉलेजात जाऊन विचारा. मुलं कॉलेजात जात आणि माहितीपत्रक घेऊन परत येत. माहितीपत्रकावर हसऱ्या विद्यार्थ्यांचा फोटो असतो. ते कशाला हसतायत ते आत कुठे लिहिलेलं नसतं. मी दोन-तीनदा विषय काढला. त्यांचं एकच म्हणणं होतं, नाव कापणारा मी होतो. नाव असतं तर पोरीनं वाचलं असतं.

दीडेक वर्षानं हर्षदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आली ती आपली भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाची प्रयोगवही घेऊन. तिनं ती त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली की याची फाइल करा, नाव कापा, नंबर द्या. ते नाही म्हणाले. ती बाकावर बसून राहिली. आमच्या घरातल्या बायकांचं हे एक शस्त्र आहे. त्या वाद घालत नाहीत, बसून राहतात. संध्याकाळच्या अजानआधी गनीभाईंनी कात्री घेतली.

गोणपाट सुटलं, पण एक बदल झाला. प्रत्येक फाइलीच्या शेवटच्या पानावर, आतल्या बाजूला, त्यांनी विषयाचं नाव आणि वही कोणत्या सालची ते लिहिलं, आणि खाली : ‘नियम बदलतात. आधी विचार.’ ते बदलतही होते. मेजर, मायनर, ऐच्छिक असं सगळं नवीन आलं तेव्हा आम्हा प्राध्यापकांच्या कार्यशाळा झाल्या, जेवण उत्तम होतं. गनीभाई कोणाकडून तरी परिपत्रकाची झेरॉक्स मिळवून, पट्ट्यांवर पट्ट्या लिहून, महिनाभरात मुलांना सांगायला लागले की मेजर म्हणजे जुजात शिवलेलं पान, ओढलं तरी निघत नाही. मायनर म्हणजे कडेला चिकटवलेलं, सांभाळलं तर टिकतं. आणि ऐच्छिक म्हणजे पुठ्ठ्याच्या आतलं अस्तर, त्यावर कोणाचं लक्ष जात नाही, पण पुस्तक पुठ्ठ्याला धरून ठेवतं तेच. कार्यशाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटची भेट जानेवारीतली. थंडी होती, गल्लीत मिरचीचा खकाणा, आणि त्यांचा खोकला थांबत नव्हता. सलीमनं दुकानाच्या अर्ध्या भागात झेरॉक्स आणि लॅमिनेशन सुरू केलं होतं. वह्या आता छापील येतात, शिवायचं काम थोडंच उरलं होतं. गनीभाई तारेकडे बोट करून म्हणाले की बऱ्याच झाल्यात सर, एकदा बसा माझ्याबरोबर. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात तो मेळावा होता.

त्यांची शोकसभा झाली नाही. बाइंडरची होत नाही. ज्या संस्थांच्या वार्षिक अहवालांवर त्यांनी आयुष्यभर सोनेरी अक्षरं उठवली, त्यांतल्या एकीनं फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवलं, तेही बहुधा चुकून आमच्या निवृत्तांच्या गटावर.

दफनानंतर पंधरा दिवसांनी मी दुकानात गेलो. सलीम म्हणाला, या फाइलींचं काय करू, मला तर यातलं कळत नाही. मलाही कळत नव्हतं, पण रविवार होता आणि मी बाकावर बसलो. थोड्या वेळानं दारात एक मुलगी शिंकली. खापरची रविता. मेळाव्यात तिच्या शेजारी बसलेल्या मुलीनं तिला या दुकानाचं सांगितलं होतं. चाचा नाहीत हे तिला माहीत नव्हतं. ते सांगितल्यावर ती परत जायला वळली, तेव्हा मी म्हणालो, बस. तीन फाइली काढून दिल्या, सात नंबर त्यांत होता. वाच, म्हटलं, कंटाळा आला तर ठेवून दे. अहिराणीत म्हणायचं धाडस झालं नाही.

सातव्या फाइलीतली आठ पानं गनीभाईंनी काढली असतील असं मला वाटलं होतं. काढलेली नव्हती. उलट तेवढीच घडी लाल दोऱ्यानं पुन्हा शिवलेली होती, आणि तिच्या पहिल्या पानाला एक पट्टी चिकटवलेली : ‘ही पानं या विषयाची नाहीत. आवडली तर विचार.’ रवितानं ती वाचली, विहिरी बघितल्या, पुढे गेली. मग मागे आली, पण विहिरींपाशी नाही, देठाच्या चकतीपाशी. बराच वेळ बघून तिनं विचारलं की आमच्याकडे डोंगरात ताप आल्यावर आजी ज्या झाडाची साल देते, त्याची अशी चकती कापली तर ते औषध कुठल्या पेशीच्या घरात दिसेल? आणि ते बघायला कोणतं मेजर घ्यायचं, वनस्पतीशास्त्र की रसायन?

अडतीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो. या काळात मला न येणारा प्रश्न आला नाही असं नाही. पण मी त्याला नेहमी काही ना काही उत्तर दिलं. त्या दिवशी मी म्हणालो, “मला माहीत नाही. विचारून सांगतो.” तिनं मान डोलावली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पट्टीवर प्रश्न उतरवून घेतला आणि तारेपाशी गेलो. तार भरली होती. जागा करायला मी वरच्या पट्ट्या एकेक काढून वाचल्या; कोणाला काय विचारायचं ते पेन्सिलीनं नीट लिहिलेलं. अगदी तळाशी एक पट्टी होती, कागद पिवळा पडलेला, तारेचा गंज तिच्या भोकाभोवती उतरलेला. ‘सरांना. राज्यशास्त्राची पोरं मंगळवारी काय करतात?’

उत्तर मिळालं की ते पट्टी फाडून टाकत. ही त्यांनी फाडली नव्हती.

मी ती होती तिथेच राहू दिली, बाकीच्या तिच्यावर पुन्हा ओवल्या, सगळ्यात वर रविताची टोचली. आता रविवारी दुपारी मी दुकानात असतो. सलीमला मी सांगितलंय की तळाची पट्टी निघेपर्यंत तरी ही फळी ठेव. घाई नाही, असं तो म्हणतो.